शुक्रवारचं ऑपरेशन पुढे ढकलू का?

ताई, नमस्कार.

आईचं वय ५८. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली. आयुष्यभर विड्या वळल्या, अजूनही वळते. दोन-तीन महिने म्हणत होती, पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घास खाल्ले की गच्च होतं. आम्ही गॅसच्या गोळ्या देत राहिलो. मागच्या आठवड्यात सोनोग्राफी केली. उजव्या अंडाशयात ९ सेंटिमीटरची गाठ, आत पडदे आणि घट्ट भाग, पोटात थोडं पाणी, असं लिहून आलं. रक्तात सीए-१२५ तपासलं, कॅन्सरच्या संशयासाठी करतात ते, ते ३८६. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दुर्बिणीतून गाठ आणि पिशवी दोन्ही काढून टाकू, शुक्रवारी या. मॅडम फार चांगल्या आहेत, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. पण भाऊ म्हणतो, थेट टाटाला न्यायचं. मोठे दीर पुण्यातल्या एका हॉस्पिटलचं नाव घेतात, तिथे रोबो आहे म्हणे. आत्या म्हणते, बार्शीला दाखवा. परिस्थिती बेताची आहे, रेशनकार्ड केशरी. मावशी ४४व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली, म्हणून घरात सगळे घाबरलेत. आईला फक्त 'गाठ आहे' एवढंच सांगितलंय. मॅडमना नाही म्हणायची हिंमत होत नाही. काय करू?

– नाव छापू नये, अशोक चौक, सोलापूर

हो, पुढे ढकला. आधी मॅडमना फोन करा, बाकीचं संध्याकाळी निवांत वाचा.

मी पॅथॉलॉजिस्ट होते. पेशंटचा चेहरा आमच्या वाट्याला क्वचितच येतो, येते ती फॉर्मेलिनची बरणी. तीस वर्षं बरण्या उघडल्यावर एक सवय लागली: आत काय आलंय ते बघितलं की ऑपरेशन कुणी केलं असेल याचा अंदाज चिठ्ठी न वाचताच यायचा. ज्याचं रोजचं कामच हे आहे, त्याच्याकडून गाठ अख्खी यायची. आतड्यांवर चरबीचा जो पदर असतो, ओमेंटम, तो वेगळ्या बरणीत. पोट धुतलेलं पाणी वेगळ्या बाटलीत. पोटाच्या अस्तराचे छोटे तुकडे वेगळे, प्रत्येकावर कुठला ते लिहिलेलं. आणि कधी कधी एकच बरणी यायची. आत फुटून सपाट झालेली गाठ, सोबत गर्भपिशवी, आणि चिठ्ठीवर दोन शब्द: 'ओव्हरियन सिस्ट'. काचेखाली कॅन्सर दिसायचा, पण तो कुठवर गेला होता हे सांगायला माझ्याकडे काहीच नसायचं. ते पोटातच राहून गेलेलं असायचं आणि पोट शिवून झालेलं असायचं.

तुमची आई त्या दुसऱ्या बरणीच्या वाटेवर जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

तुम्ही दिलेल्या आकड्यांचा एक साधा हिशेब आहे, तो तुमच्या मॅडमनाही माहीत असणार. सोनोग्राफीत संशयाच्या पाच खुणा बघायच्या: गाठीत कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, दुसरीकडे पसरल्याची चिन्हं. यातल्या दोन किंवा जास्त असल्या तर ३ गुण. पाळी गेलेली असेल तर आणखी ३. त्यांचा गुणाकार करायचा आणि तो पुन्हा सीए-१२५च्या आकड्याने गुणायचा. आईचं उत्तर येतं ३ × ३ × ३८६, म्हणजे ३,४७४. हे उत्तर २००च्या वर गेलं की पेशंटला कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्याकडे पाठवायचं, असा दंडक आहे. आपण २००च्या आसपास घुटमळत नाही आहोत.

तरी हे निदान नव्हे, हेही तितकंच ठामपणे सांगते. सीए-१२५ हा बेभरवशाचा साक्षीदार आहे. पोटाच्या टीबीत तो चढतो, पोटात पाणी होतं, सीटी स्कॅनमध्ये ओमेंटम जाड दिसतं, म्हणजे नाटक हुबेहूब अंडाशयाच्या कॅन्सरचं. एकदा पोट उघडून ठेवून एका सर्जनने मला तुकडा पाठवला होता. पोटभर दाणे पसरलेत म्हणून सगळे हवालदिल. काचेखाली बघितलं तर टीबी. बाई गोळ्यांवर बरी झाली. उलटही होतं: जठराचा कॅन्सर अंडाशयात उतरतो आणि गाठ तिथली वाटते. म्हणून सीए-१२५सोबत सीईए नावाची रक्ततपासणी आणि छाती-पोट-ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट घालून सीटी स्कॅन, एवढं झाल्याशिवाय तारीख ठरवण्यात अर्थ नाही.

आणि गाठीत सुई घालून 'जरा बघू' असं कुणी म्हटलं तर थांबवा. पोटातलं पाणी काढून तपासणं वेगळं, गाठ टोचणं वेगळं. डाळिंब फांदीवरून अख्खं उतरवायचं की झाडावरच फोडून दाणे वेचत बसायचं, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. कॅन्सर एकाच अंडाशयात बंदिस्त असला तर तो पहिल्या टप्प्यातला सगळ्यात सुरुवातीचा प्रकार. तीच गाठ ऑपरेशनमध्ये पोटात फुटली की टप्पा बदलतो, आणि जिला कदाचित किमो लागलीच नसती तिला ती घ्यावी लागू शकते. दुर्बिणीला माझा विरोध नाही. पण पाणी झालेल्या पोटातली, घट्ट भाग असलेली ९ सेंटिमीटरची गाठ दुर्बिणीच्या भोकातून बाहेर काढायची हा मला पटणारा बेत नाही. अशा गाठीला बहुधा नाभीच्या वरपासून खालपर्यंत उभा छेद घ्यावा लागतो. व्रण मोठा दिसतो, दिसू द्या.

आता डॉक्टर कोण. पाटीवर 'कॅन्सर तज्ज्ञ' एवढंच असेल तर त्यातून काहीच कळत नाही, ती पदवी नव्हे. तुम्हाला हवा तो गायनॅक ऑन्कॉलॉजिस्ट: आधी स्त्रीरोगात एम.डी., एम.एस. किंवा डी.एन.बी., आणि मग पुढची तीन वर्षं फक्त स्त्रियांच्या या अवयवांच्या कॅन्सरचं शिक्षण. त्या पदवीला एम.सीएच. किंवा डी.आर.एन.बी. म्हणतात. असे डॉक्टर आपल्याकडे थोडेच आहेत. नसेल मिळत तर सर्जिकल ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचा सर्जन, पण अंडाशयाची ऑपरेशनं नेमाने करणारा. आयुष्य तोंडाच्या कॅन्सरवर घालवलेला उत्तम सर्जन इथे तितका उपयोगाचा नाही. नावापुढे फेलोशिप असेल तर कुठली आणि किती काळाची ते विचारा. ती काही आठवड्यांचीही असते आणि दोन वर्षांचीही. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे पडताळता येते.

पदवी बघून झाली की समोर बसून विचारायचं. अशी ऑपरेशनं महिन्याला किती होतात? आतड्याला चिकटलेलं निघालं तर ते सोडवायला तुम्हीच की दुसरं कुणी, आणि तो माणूस त्या दिवशी इमारतीत असेल का? आयसीयू, रक्तपेढी? फ्रोझन सेक्शन होतं का? हा शेवटचा प्रश्न माझ्या पोटातला. ऑपरेशन चालू असताना गाठीचा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे येतो, उणे वीस अंशांच्या आसपास तो गोठवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, रंगवायचा, बघायचा, आणि वीस-पंचवीस मिनिटांत थिएटरमध्ये फोन. पलीकडे सर्जन हात वर धरून थांबलेला असतो. 'साधी आहे' म्हटलं तर तो तिथे थांबतो, 'कॅन्सर' म्हटलं तर पुढचं सगळं त्याच बैठकीत उरकतो. ही सोय नसेल तर आईला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागण्याची पाळी येऊ शकते.

आणखी एक विचारा: हिच्या केसवर ट्यूमर बोर्डात चर्चा होणार का? सर्जन, किमो देणारे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, शेक देणारे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि माझ्यासारखे काचवाले एकत्र बसतात, त्याला बोर्ड म्हणतात. सीटीत रोग पसरलेला दिसला तर आधी ऑपरेशन की आधी तीन किमो आणि मग ऑपरेशन, हा निर्णय एकट्याने घ्यायचा नसतो. एक धोक्याची खूण सांगून ठेवते. 'मीच सगळं करतो, किमोसुद्धा मीच देतो' असं अभिमानाने सांगणाऱ्याला नमस्कार करून उठा.

हे सगळं अंडाशयाचं झालं. याच सदराकडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पत्रंही येतात आणि त्यांना मी जवळजवळ उलटं लिहिते. माझ्या नणंदेची गोष्ट त्यासाठी सांगते. अंगावरून जायचं, मध्येच रक्त दिसायचं. एका नर्सिंग होममध्ये सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढून टाकू. आधी तुकडा काढून तपासणं नाही, पिशवीच्या तोंडाच्या पेशी तपासायची पॅप चाचणी नाही. बरणी योगायोगाने माझ्याच टेबलावर आली. नाव वाचलं आणि झाकण उघडलं, तर पिशवीचं तोंड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. स्पेक्युलम, म्हणजे आत बघायचं साधं उपकरण, लावून कुणी एकदा डोळ्यांनी बघितलं असतं तरी दिसलं असतं. कापाची कड गाठीतूनच गेलेली. त्या आकाराला ऑपरेशन नकोच होतं. आठवड्याला एक सिस्प्लॅटिनची किमो, सोबत बाहेरून शेक आणि शेवटी आतून शेक म्हणजे ब्रॅकीथेरपी, हा तिचा इलाज होता आणि तो आठ आठवड्यांच्या आत संपायला हवा असतो. ऑपरेशननंतर शेक घ्यावाच लागला, आणि पिशवी काढल्यावर खाली उतरलेली आतडी त्यात भाजली. ती आहे, पण लग्नाकार्याला जाताना आधी संडास कुठे ते बघून ठेवते.

तेव्हा रोग कुठला आणि कुठल्या टप्प्यावर, हे आधी, डॉक्टर त्यावरून. गर्भाशयमुखाचा वाढलेला असेल तर मुख्य माणूस रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, आणि पाच-पाच आठवडे रोज जावं लागत असल्याने घराजवळचं केंद्र ही खरोखरची गुणवत्ता. लहान असेल तर ऑपरेशन, पण तिथेही २०१८ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात दुर्बिणीपेक्षा उघड्या ऑपरेशनच्या बायकांचं चांगलं झालं. गर्भाशयाच्या अस्तराचा असेल तर दुर्बीण खुशाल चालते. एकाच ओटीपोटातले तीन कॅन्सर, तीन वेगळे रस्ते. दिरांचा रोबो यात कुठे बसतो? तुमच्या आईच्या केसमध्ये बहुतेक कुठेच नाही. रोबो हे यंत्र आहे, त्यामागचे हात कोणाचे ते विचारा.

गावाचं म्हणाल तर घरातलं कुणीच चुकीचं बोलत नाही. सोलापुरातही कॅन्सरचे सर्जन आहेत, वरचे प्रश्न त्यांनाही लागू. आत्याची बार्शीही हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे 'बार्शीला नेलंय' म्हटलं की लोकांचा आवाज खाली जातो, पण ७० किलोमीटरवरच्या या गावातून १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिथल्या नर्गिस दत्त हॉस्पिटलने टाटासोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर केलेल्या कामाने २००९ साली जगाला दाखवलं, की आयुष्यात एकदा केलेली एचपीव्ही तपासणी, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. ज्या गावाला आपण घाबरतो, त्याचा दाखला परदेशात देतात.

टाटाला न्यायचं ठरलं तर रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने बसा, सकाळी दादरला उतरा, तिथून परळ जवळ. राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा विचारून बघा. गर्दी प्रचंड असते आणि ऑपरेशनची तारीख लांब पडू शकते, तेव्हा पहिल्याच भेटीत 'साधारण कधी' हे विचारा. उत्तर फार लांबचं आलं तर त्यांच्याकडून इलाजाचा आराखडा लिहून घ्या आणि ऑपरेशन जवळ करा. किंवा ऑपरेशन तिथे आणि किमो इथे. अंडाशयाची नेहमीची किमो, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी एकदा असते. प्रत्येक वेळी ५८ वर्षांच्या बाईला साडेचारशे किलोमीटर नेऊन आणायचं कारण नाही. तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात सीटी करून फाइल घेऊन आधी सोलापुरात किंवा बार्शीला कॅन्सरच्या सर्जनला दाखवलं असतं, आणि मनाला रुखरुख राहिली तरच गाडी पकडली असती.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण योजनेतल्याच हॉस्पिटलात, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी. रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी भेटा. कॅश पेशंट म्हणून भरती होऊन मग योजना आठवली की फार हाल होतात.

मॅडमचं काय? त्यांचे उपकार आहेतच. पण बाळंतपणाचा हात आणि हे ऑपरेशन करणारा हात वेगळा, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. 'नाही' म्हणायची गरज नाही. असं म्हणा: "मॅडम, आकडे बघून आमच्या घरचे घाबरलेत. ऑपरेशनआधी कॅन्सरच्या सर्जनचं मत घ्यायचं म्हणतात. तुम्हाला कोण योग्य वाटतं? तुम्हीच चिठ्ठी द्या." मला वाटतं दहातल्या नऊ मॅडम सुटकेचा श्वास टाकतील. पेशंटच्या घरच्यांना 'कॅन्सर' म्हणायचं धाडस डॉक्टरांनाही होत नाही, हे आम्ही आपसात बोलतो, तुमच्यासमोर नाही. रागावल्या तर तेही उत्तरच आहे.

आता आईला. तिला न सांगता हे कसं निभावणार आहात? उभ्या छेदाला, पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढायला सही तिची लागते. जी बाई हजार विड्यांत एक कमी असली तर हाताच्या अंदाजाने ओळखते, तिला घरातली कुजबुज कळत नसेल असं समजू नका. 'गाठ आहे, कशाची ते बघायचंय, वाईटही असू शकते, म्हणून मोठ्या सर्जनकडे जातोय' एवढं खरं खरं सांगा. डॉक्टरांच्या खोलीत ती आत, तुम्ही शेजारी. भाऊ बाहेर बसला तरी चालेल.

मावशीचं वय तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, सर्जनला पहिल्या पाच मिनिटांत सांगा. आईच्या सख्ख्या बहिणीला ४४व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर आणि आता आईला अंडाशयाचा निघाला, तर बीआरसीए जनुकाची तपासणी करायलाच हवी, त्यातल्या दोषाने हे दोन्ही कॅन्सर घराण्यात येतात. आईत दोष सापडला तर तुमच्यात आणि भावातही असण्याची शक्यता निम्मी, हो, भावातही. पण ते पुढच्या महिन्याचं काम. आज त्यावर झोप घालवू नका.

आठ-दहा दिवसांनी काही बिघडणार नाही, दोन महिन्यांनी बिघडेल. मधल्या काळात पोटात असह्य दुखलं, उलट्या थांबेनात, पोट साफ होणं आणि वारा सरणं बंद झालं, धाप लागली किंवा एकाच पायाला सूज आली तर कुठलाही सल्ला न वाचता थेट हॉस्पिटल गाठा. वैद्याचं कुणी सुचवलंच तर 'ऑपरेशननंतर बघू' म्हणून टाका.

एक शेवटचं, माझ्या खात्याचं. ऑपरेशन झालं की ट्रेमध्ये काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवतात. बघवत नसेल तर नका बघू, पण दारातून विचारा: सगळं पाठवणार ना, आणि कुठल्या लॅबला? रिपोर्ट आला की त्यावरचा नंबर जपून ठेवा. त्याच नंबरचे, गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे छोटे ब्लॉक आणि त्यांच्या कापांच्या काचा लॅबमध्ये असतात, मागितल्यावर मिळतात, आणि दुसरा कुठलाही डॉक्टर आधी तेच मागतो. काचा कापसात गुंडाळून डबीत न्या. ब्लॉक मात्र उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात मेण वितळतं.